एअरपोर्टवर नोकरी, पण नक्की कुणाकडे? माझा अनुभव

इंदूरच्या विमानतळावर मी ग्राउंड स्टाफमध्ये आहे हे कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. विमानाचं तिकीट फुकट मिळतं का? आणि आमच्या भाच्याला तिथे चिकटवता येईल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: माझ्या कंपनीत तरी नाही. दुसऱ्यावर मीच उलट विचारते, कुणाकडे चिकटवायचं? कारण देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या एकाच छपराखाली काम करणाऱ्या माणसांचे मालक इतके वेगवेगळे आहेत की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा पगार, रजा, भरतीची परीक्षा, काहीच जुळत नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी नोकरी शोधत होते तेव्हा भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या गल्ल्यांत खांबाखांबावर ‘एअरपोर्ट में बंपर भर्ती’ची पत्रकं चिकटवलेली असायची. एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आलो, तर तिथल्या बाईंनी शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देत जी फी सांगितली ती ऐकून बाबांनी समोरचा चहा तसाच ठेवला आणि उठले. दुसरीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर निवड झाल्याचं पत्रच आलं, जिथे मी अर्जही केला नव्हता. गणवेशाची अनामत तेवढी यूपीआयने भरा म्हणे. असली पत्रं अजूनही फिरतात, आणि त्यावरचे शिक्के खऱ्यापेक्षा ठसठशीत असतात.

शेवटी उपयोगी पडले ते सुदामा नगरात आमच्या समोर राहणारे काका. एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झालेले, म्हणजे धावपट्टीच्या दिव्यांपासून सगळं बघणारे. त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि म्हणाले, "हे बघ, पोस्ट कोणती ते नंतर. आधी पगार कोण देतंय ते लिही."

वरच्या ओळीत ऑथॉरिटी, म्हणजे एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया. इंदूर आणि वडोदरा तिच्याकडेच. ग्वाल्हेरला मात्र धावपट्टी हवाई दलाची, ऑथॉरिटीकडे फक्त नागरी टर्मिनल. ऑथॉरिटीत सगळ्यांना हवी असते ती ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल ही जागा. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारे ते हे. त्याला बी.एस्सी. लागतं भौतिकशास्त्र आणि गणितासकट, नाहीतर इंजिनिअरिंग. ऑनलाइन परीक्षा, आवाजाची चाचणी, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाला प्रशिक्षण. वेतनश्रेणी 40,000 ते 1,40,000. माझं बी.कॉम. इथेच गळलं. पण बारावी झालेल्या धडधाकट मुलासाठी त्याच ऑथॉरिटीत अग्निशमन विभाग आहे: ज्युनिअर असिस्टंट, फायर सर्व्हिस, वेतनश्रेणी 31,000 ते 92,000. शारीरिक चाचणी असते आणि वाहन चालवायचं लायसन्स लागतं, कारण आगीचा बंब स्वतःलाच चालवायचा असतो. आमच्या ओळखीतल्या किती मुलांना हे ठाऊक असेल, मला शंका आहे. सगळे आपले पायलट नाहीतर एअर होस्टेस एवढ्यावरच अडलेले.

त्याखाली केंद्र सरकारची खाती. दारात ओळखपत्र बघणारे आणि आत अंगझडती घेणारे सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, गृह मंत्रालयाखालचे. कस्टम्सवाले अर्थ मंत्रालयाचे, त्यांची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून. पासपोर्टवर शिक्का मारणारं इमिग्रेशन पुन्हा गृह मंत्रालयाखाली. हवामान खात्याचेही लोक असतात, ते प्रवाशांना कधी दिसत नाहीत.

मग विमान कंपन्या. वैमानिक आणि केबिन क्रू सोडले तरी त्यांची स्वतःची सिक्युरिटी असते, आणि लायसन्सवाले इंजिनिअर असतात. ते डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स काढता काढता माणसाची विशी संपते, पण नंतर त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नाही. त्यानंतर ग्राउंड हँडलिंग कंपन्या, म्हणजे माझी दुनिया: चेक-इन, गेट, सामान चढवणारे लोडर, शिडी आणि ट्रॅक्टर चालवणारे, विमान मागे ढकलणारे पुशबॅकवाले. इंधन भरणारे तेल कंपन्यांचे. कार्गो वेगळं, इंदूरजवळच्या पीथमपूरला औषधांचे इतके कारखाने असताना ते वेगळं असणारच. आणि सगळ्यात खाली ठेकेदारांची माणसं, सफाई, ट्रॉल्या, पार्किंग.

ठेकेदारांच्या रांगेत काकांनी एक काम लिहिलं ते मला आधी थट्टा वाटली: पक्षी हाकलणारे. पावसाळ्यात गवत वाढतं, गवतात किडे, किड्यांमागे पक्षी, आणि एखादा घार-बगळा इंजिनात गेला तर विमान तिथेच उभं राहतं. म्हणून धावपट्टीच्या कडेला माणसं फटाके आणि आवाजाची यंत्रं घेऊन दिवसभर उभी असतात. आता मी रोज त्यांना बघते. उन्हापावसात, कानाला फडकं बांधून. विमानतळावरचं सगळ्यात कमी पगाराचं आणि सगळ्यात थेट जीव वाचवणारं काम हेच असावं असं माझं मत आहे.

बी.कॉम.वाल्या मुलीला यातलं जे उघडं होतं ते ग्राउंड हँडलिंग. तिथे बहुतेक भरती वॉक-इनने, म्हणजे ठरलेल्या दिवशी थेट मुलाखतीला जाऊन, होते आणि नोकरी ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर मिळते. सरकारी मालकीची एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस तर जाहिरातीतच लिहिते, तीन वर्षांचं कंत्राट. तिच्या अर्जाबरोबर 500 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट लागायचा. काकांची खूण ही, की ड्राफ्ट कंपनीच्या नावाने आणि जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर. कुणाच्या मोबाइल नंबरवर पैसे मागितले की तिथेच थांबायचं.

मी गेले ते एका खासगी कंपनीच्या वॉक-इनला, विजय नगरच्या एका हॉटेलात. हॉलबाहेर रांग, जवळजवळ सगळ्यांच्या हातात त्याच निळ्या प्लास्टिकच्या फायली. आधी उंची, वजन, दिसेल अशा जागी टॅटू आहे का, मग हिंदी आणि इंग्रजीतली एक उद्घोषणा मोठ्याने वाचायची. विमानतळांचे कोड विचारले. इंदूर आयडीआर, ग्वाल्हेर जीडब्ल्यूएल इथपर्यंत ठीक, पण वडोदऱ्याचा बीडीक्यू फार थोड्यांना आला. तो जुन्या बडोद्यावरून आलाय हे मला मावशीमुळे माहीत होतं, ती अजून बडोदाच म्हणते. नंतर एक प्रसंग: प्रवासी ओरडतोय, काउंटर बंद झालंय, विमान समोर दिसतंय, काय कराल? मी म्हटलं, आधी त्यांना पुढच्या विमानात जागा बघते, समोरचं विमान दाखवत बसत नाही. पॅनेलवरचे सर हसले. एक प्रश्न मात्र फक्त मुलींना होता: "रात को तीन बजे निकलना पड़ेगा, घरवाले मानेंगे?" शेजारच्या मुलाला कुणी विचारलं नाही की त्याची आई मानेल का. मी "मानेंगे" म्हटलं आणि घरी येऊन आईला मानायला लावलं.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं इथे नसतं. पास हातात आल्याशिवाय तुम्ही आत पाऊल टाकू शकत नाही. हा एअरपोर्ट एंट्री पास ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीकडून येतो, आणि त्याआधी पोलिस पडताळणी, कागदपत्रं, बोटांचे ठसे, सुरक्षेचा वर्ग आणि त्यावर परीक्षा. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि आधारवर आद्याक्षर, असल्या फरकांवर अर्ज अडतात, म्हणून सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना हे आधीच बघून ठेवावं. मूल निवासी, म्हणजे रहिवासी दाखला, आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, हेही फाइलमध्ये असू द्यावेत. ठाण्यात काय मागतील याचा नेम नसतो.

पडताळणीला हवालदार घरी आले तेव्हा दार आजीने उघडलं. त्यांनी वही काढून विचारलं, लड़की पर कोई केस-वेस? आजी म्हणाली, "केस? अहो, हिला दूध उतू गेलेलं कळत नाही, ही काय केस करणार." अर्धं मराठी, अर्धं हिंदी. हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने ‘कुछ नहीं’ लिहिलं, पोहे खाल्ले, शेजाऱ्यांची सही घेतली आणि गेले.

पासावर इंग्रजी अक्षरं असतात, ज्या भागात जायची मुभा त्या भागाची. एक अक्षर कमी असेल तर ओळखीचा जवानही सोडत नाही, आणि पास हरवला तर एफआयआरशिवाय दुसरा मिळत नाही. माझी मैत्रीण अंघोळीला जातानाही तो खुंटीवर डोळ्यांसमोर टांगते.

प्रशिक्षण मुंबईला झालं. तिथलं विमानतळ चालवणारी कंपनी खासगी, पण टॉवरमध्ये ऑथॉरिटीचेच लोक आणि दारात सीआयएसएफच. काकांचं पाकीट तिथेही लागू पडलं. मुंबईत कामाचे इतके तुकडे आहेत की चेक-इनची मुलगी महिनोन् महिने गेटवर जात नसेल. फक्त चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळी माणसं, हरवलेल्या बॅगांसाठी वेगळी, विमानात वजन कुठे किती ठेवायचं याचा हिशेब करणारी वेगळी. धोकादायक वस्तूंचा वर्ग सगळ्यांना सक्तीचा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात का चालत नाहीत, तर खाली सामानाच्या कप्प्यात पेट घेतला तर विझवायला तिथे कुणी नसतं.

इंदूरला परतले आणि एकाच शिफ्टमध्ये चेक-इन, गेट, आगमन असं सगळंच वाट्याला आलं. इथल्या चेक-इनची खासियत म्हणजे शेव. 15 किलोची मर्यादा आणि खोक्यात सराफ्याजवळच्या दुकानातली लवंगी शेव, मिठाई, वर आईने दिलेलं मेतकूट. जादा वजनाचे पैसे सांगितले की "अरे मॅडम, खाने का ही तो है" असं म्हणत लोक तिथेच खोकं उघडून वाटायला लागतात.

एकदा गेटवर दिल्लीचं विमान सुटायच्या बेतात होतं आणि एक प्रवासी आलाच नाही. बोर्डिंग पास घेतलेला, बॅग विमानाच्या पोटात गेलेली. माणूस नाही तर बॅगही जाता कामा नये, हा नियम. मी वॉकी-टॉकीवर टॅगचे शेवटचे आकडे वाचले, खालून लोडरने परत म्हणून दाखवले, आणि काचेतून दिसत होतं: एक माणूस आत वाकून सरपटत गेला, दुसऱ्याने बाहेर काढलेल्या बॅगांचे टॅग उन्हात तिरके धरून वाचले, एक लाल बॅग बाजूला, बाकीच्या परत आत. मग वजनाचा हिशेब नव्याने, वैमानिकाकडे कागद, दार बंद. प्रवाशांना वाटलं, उगाच उशीर. त्या लोडरला आम्ही चाचा म्हणतो. दहावी पास, कंबरेला पट्टा, आणि कुठल्या विमानाच्या पोटात काय कुठे ठेवलंय ते तोंडपाठ.

आता माझं कंत्राट पुढे वाढलं आहे. पगार सुरुवातीला चांगल्या शोरूममधल्या मुलीइतकाच असतो, त्यात पहाटेची गाडी कंपनीची, झोप स्वतःची. माझ्याबरोबरची एक विमान कंपनीच्या सिक्युरिटीत गेली, एकाने सीजीएलची तयारी धरली. वडोदऱ्याच्या मावशीचा मुलगा आयटीआय डिझेल मेकॅनिक आहे, त्याचा परवा फोन आला, "ताई, चेक-इनमध्ये काही बघ ना." त्याला म्हटलं, चेक-इन सोड, रॅम्पकडे, म्हणजे विमानं उभी असतात तिथल्या कामाकडे बघ, तुझा ट्रेड तिथे चालतो, फक्त अवजड वाहनाचं लायसन्स पाहिजे. साधं लायसन्स काढून वर्ष झालं असेल तरच ते मिळतं, आणि त्याचं झालेलं आहे. पुढच्या आठवड्यात तो आरटीओत जातोय.