रोखीवाले गायब

नोव्हेंबरचा महिना, आंबिया बहाराची संत्री जोरात. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्यासाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर केलं होतं. सकाळी तर्री-पोह्याची प्लेट हातात असतानाच मुनीमजींचा फोन. "ताई, ज्यायले पैसे देल्ले तेच लोकं दिसून नाही राहिले. चुकारा बाकीवाले मात्र सगळे हजर!"

पोहे तिथेच राहिले.

त्यांची फाइल साधी. पावती, गाव, कॅरेट, मोबाईल, शेरा. दोन रकान्यांच्या मध्ये पाइप, म्हणजे उभी रेघ (|). मी वर्षानुवर्षं पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणारी, हे काम जावा भाषेत. पहिल्याच आठवड्यात जावाने मला इंगा दाखवला होता. ओळीचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटला नुसती पाइप दिली, तर 'काटोल'चा काना वेगळा, ओकार वेगळा, एकेक अक्षर सुटं! जावाचं स्प्लिट रेगेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना घेतं आणि तिथे पाइप म्हणजे 'किंवा'. दोन बॅकस्लॅश लावून ते मिटवलं आणि मी निर्धास्त झाले.

आता '१०४|काटोल|४२||' ही ओळ चालवून पाहिली. पाच तुकडे हवेत, आले तीन. खालची '१०७|नरखेड|३०||चुकारा बाकी' मात्र बरोबर पाच. मोबाईल दोन्हीकडे रिकामा! अर्धा तास मी फाइललाच शिव्या घालत होते.

भानगड अशी, की जावाचं स्प्लिट मधले रिकामे तुकडे ठेवतं, शेवटचे मात्र गाळून टाकतं. ज्याचा चुकारा झाला त्याचा शेरा कोरा, म्हणून त्याची ओळ आखूड. पुढे माझा कोड पाचवा तुकडा मागायला गेला की एरर. आणि तो एरर मीच कॅचमध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या कोडमध्ये गिळून, 'खराब ओळ' समजून पुढे जात होते. लॉगमध्ये नोंदसुद्धा नाही. यात जावाचा दोष कमी, माझा जास्त. पायथनमध्ये शेवटची रिकामी जागा टिकते, तीच सवय नडली.

दुरुस्ती काय, स्प्लिटला पाइपच्या जोडीला उणे एक हा आकडा दिला. बस. रिकामे तुकडे जागच्या जागी. कॅचमध्ये आता ओळीचा नंबर छापला जातो.

दुपारी मुनीमजींना यादी पाठवली. त्यांनी वही काढून एकेक नाव जुळवलं. "आता बरोबर हाय. पण ताई, कळमेश्वरचा तो एक माणूस दोनदा कसा आला?"

मी फाइल पाहिली. तो त्यांच्या वहीतच दोनदा होता.