सेव्ह दाबल्यावर पुढचं पान कोण ठरवतं?

जुनं जावा वेब ॲप हातात आलं की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो, सेव्ह दाबल्यावर पुढचं पान नक्की कोण ठरवतं. थोडं सर्व्हलेटमधल्या (सर्व्हरवर रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) इफ-एल्समध्ये, थोडं जेएसपीत (एचटीएमएल पान बनवणारी फाइल), थोडं जावास्क्रिप्टमध्ये असं विखुरलेलं असलं की एका पानाचं नाव बदलायला अख्खा प्रोजेक्ट सर्च करत बसा, आणि तरी एखादी लिंक सुटतेच.

स्ट्रट्स 1 या जुन्या जावा वेब फ्रेमवर्कला आता सगळे नावं ठेवतात, 2013 मध्ये त्याचा सपोर्टही अधिकृतपणे संपला, पण त्यातली एक कल्पना मला अजून पटते. सेव्हसारखं काम करणाऱ्या ॲक्शन क्लासला पान माहीतच नसायचं, तो फक्त 'सक्सेस' वगैरे निकालाचं नाव द्यायचा आणि त्या नावाला कुठलं जेएसपी हे स्ट्रट्स-कॉन्फिग या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. ती फाइल मोठ्या प्रोजेक्टमध्ये अवाढव्य व्हायची हे खरंय. जेएसएफ या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्ये पण आधी असेच नेव्हिगेशन रूल (कुठल्या निकालाला कुठलं पान) होते, मग 2009 च्या जेएसएफ 2.0 मध्ये मेथडने दिलेली स्ट्रिंग म्हणजेच पान अशी सोय आली, टायपिंग वाचलं पण पानांची नावं पुन्हा बीनमध्ये, म्हणजे पानामागच्या जावा क्लासमध्ये, शिरली. माझं मत विचाराल तर एक्सएमएल हवंच असं काही नाही, एका कॉन्स्टंट क्लासमध्ये ठेवा, पण एका जागी ठेवा. आणि निकालाला नुसतं 'सक्सेस' म्हणू नका हो, 'ऑर्डर सेव्ह झाली', 'स्टॉक नाही', 'आधी लॉगिन हवं' अशी नावं दिली की कोड वाचणाऱ्याला फ्लो आपोआप कळतो.

आता फॉरवर्ड आणि रिडायरेक्ट, कारण खरा गोंधळ इथेच होतो. फॉरवर्ड सर्व्हरच्या आतल्या आत होतो, रिक्वेस्ट तीच राहते, ब्राउझरला पत्ताच नसतो, त्यामुळे वरचा यूआरएल सेव्हचाच राहतो आणि युजरने रिफ्रेश मारला की फॉर्म परत सबमिट आणि ऑर्डर दोनदा. म्हणून डेटा बदलणाऱ्या पोस्टनंतर (फॉर्म पाठवणारी रिक्वेस्ट) रिडायरेक्टच करायचा, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या यूआरएलवर जायला सांगायचं, मग ब्राउझर नव्याने गेट (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) करतो आणि रिफ्रेश कितीही मारा काही बिघडत नाही. व्हॅलिडेशन चुकलं तर मात्र फॉरवर्ड, म्हणजे भरलेला फॉर्म एररसकट समोर येतो. रिडायरेक्टमध्ये रिक्वेस्ट नवीन असल्यामुळे 'सेव्ह झालं' हा मेसेज हरवतो, त्यासाठी स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये 3.1 पासून फ्लॅश ॲट्रिब्यूट आहेत, पुढच्या एका रिक्वेस्टपुरता मेसेज जपतात आणि मग स्वतःच साफ होतात. अजून एक, सर्व्हलेटमध्ये सेंड-रिडायरेक्ट लिहिलं म्हणून मेथड तिथे थांबत नाही, खालचा कोड चालतच राहतो, तेव्हा लगेच रिटर्न लिहायचं, विशेषतः लॉगिन तपासताना.

डिलीटसाठी साधी लिंक ठेवलेली दिसली की मला खरंच काळजी वाटते. लिंक म्हणजे गेट, आणि गेट यूआरएल माणूसच उघडतो असं थोडीच आहे, सर्च इंजिनचा क्रॉलर उघडतो, पान आधीच आणून ठेवणारं ब्राउझरचं प्रीफेच उघडतं, आणि रेकॉर्ड गायब! बघण्याचं गेटने, बदलण्याचं पोस्टने, यात तडजोड नको.

कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारे क्लास, पानागणिक करू नका, विषयागणिक करा, म्हणजे ऑर्डरची यादी, नवीन, सेव्ह, रद्द सगळं एकाच क्लासमध्ये. स्ट्रट्सच्या डिस्पॅच-ॲक्शनमध्ये हे पॅरामीटरने व्हायचं, स्प्रिंगमध्ये मेथडवर गेट-मॅपिंग नि पोस्ट-मॅपिंग लावलं की झालं. जेएसपी सगळ्या वेब-इन्फ फोल्डरच्या आत टाका, तिथली फाइल कंटेनर, म्हणजे ॲप चालवणारा सर्व्हर, बाहेरून थेट देत नाही, मग युजरला कंट्रोलरला वळसा घालून पानावर उडी मारताच येत नाही.

आणि हे सगळं लावून झालं की मॉक-एमव्हीसी या स्प्रिंगच्या टेस्ट टूलने प्रत्येक सेव्हची छोटी टेस्ट लिहा, बरोबर डेटा दिला तर कुठल्या यूआरएलला रिडायरेक्ट, चुकीचा दिला तर कुठला व्ह्यू, म्हणजे कुठलं पान, एवढंच तपासायचं. नवीन माणूस टीममध्ये आला की मी त्याला आधी याच टेस्ट वाचायला देतो.