यांचा उपचार आणि माझा पहारा

गेली दोन वर्षे जे लिहिण्याचे टाळले ते आज लिहीत आहे, आणि यांनी मजकूर वाचून, दोन ठिकाणी ओळी गाळायला सांगून, संमती दिल्यावरच तो येथे देत आहे. माझ्या यजमानांचा स्वतःच्या लैंगिक वर्तनावर ताबा राहिलेला नव्हता. त्यावर सव्वा वर्ष उपचार झाले, अजूनही महिन्यातून एकदा होतात. त्या उपचारांविषयी मराठीत वाचायला मिळते ते बहुतेक रुग्णाविषयी असते. घरात दुसरी जी व्यक्ती असते तिचे काय होते, हे मला सांगायचे आहे.

मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडल्याचा बँकेचा संदेश माझ्या फोनवर आला, कारण खाते दोघांच्या नावावर होते. रक्कम २ लाख ८० हजार. पहिल्या रात्री यांनी शेअर बाजाराचे कारण सांगितले. तिसऱ्या दिवशी पैसे भरून पाहायच्या संकेतस्थळांबद्दल सांगितले, आणि पंधरा दिवसांनी, मी विचारून विचारून थकल्यावर, काही प्रत्यक्ष भेटीही झाल्या असल्याचे कबूल केले. दर वेळी 'एवढेच, याहून अधिक काही नाही' असे शपथेवर सांगितले होते. झालेल्या गोष्टींनी मी जेवढी मोडले त्याहून अधिक या हप्त्याहप्त्याने आलेल्या कबुलीने मोडले, कारण त्यानंतर खऱ्या वाक्यावरही विश्वास ठेवण्याची माझी ताकद राहिली नाही.

प्रत्यक्ष संबंध आले असतील तर पत्नीने सर्वांत आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी, हे मला कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगते. एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या रक्तावर होतात. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते आणि नाव गुप्त राहते. संसर्ग अगदी अलीकडचा असेल तर पहिल्या चाचणीत तो दिसत नाही, म्हणून ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. आमचे अहवाल दोन्ही वेळा निर्दोष आले, पण मधले ते तीन महिने मी कसे काढले ते लिहिण्याइतके शब्द माझ्यापाशी नाहीत.

इंदूरमधला मराठी समाज मोठा असला तरी रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर या वस्त्यांत कोण कोणाच्या घरी येते-जाते ते सर्वांना ठाऊक असते, आणि सानंद या येथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला गेले की मध्यंतरात सगळे नातलग भेटतात. त्यामुळे आम्ही मुद्दाम विजय नगरकडचा दवाखाना शोधला. त्याआधी ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो ते हसून म्हणाले होते, "भाभीजी, पुरुषांचे असे असते, वय झाले की आपोआप सुटते." त्या हसण्यामुळे आमचे चार महिने वाया गेले, कारण यांना उपचार टाळायला तेवढे पुरेसे होते.

नव्या मनोविकारतज्ज्ञांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी तीन बैठका केवळ प्रश्न विचारण्यात घालवल्या. मद्यपान आहे का, कधी झोप न लागता उत्साह आणि उधळपट्टी वाढते का, पार्किन्सनसाठी काही औषध चालू आहे का, अशी त्यांची चौकशी होती. उन्मादाच्या आजारात आणि पार्किन्सनच्या काही औषधांमुळेही असे वर्तन उद्भवते, आणि तेव्हा उपचाराची दिशाच बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०१९ साली संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तो व्यसनांच्या गटात न घालता आवेग-नियंत्रणाच्या विकारांत घातलेला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या सूचीत मात्र तो घेतला गेला नाही. सहा महिने किंवा अधिक काळ आवेग आवरता न येणे, त्यापायी घर, नोकरी, प्रकृती यांकडे दुर्लक्ष होणे, परिणाम भोगूनही थांबता न येणे, ही त्याची लक्षणे होत. केवळ संस्कारांमुळे अपराधी वाटत असेल तर तेवढ्याने निदान होत नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. कामेच्छा अधिक असणे हाही आजार नव्हे. आमच्यासारख्या घरांत, जिथे या विषयावर मोकळेपणाने बोलणेच पाप समजले जाते, तिथे हा भेद फार महत्त्वाचा आहे असे मला वाटते.

यांना नैराश्यही होते, म्हणून त्यावरची गोळी सुरू झाली. पण मुख्य उपचार मानसशास्त्रज्ञांकडे दर गुरुवारी होणाऱ्या बैठकीचा होता. पहिले सात आठवडे यांना एक वही ठेवायची होती, तिच्यात आवेग केव्हा आला, त्याआधीच्या दोन तासांत काय घडले, मनात कोणते वाक्य होते, एवढेच लिहायचे. त्या वहीतून जे दिसले त्याने आम्ही दोघेही चकित झालो. पीथमपूरच्या कारखान्यात वरिष्ठांनी चारचौघांत बोल लावले की त्या रात्री हमखास तो आवेग येई. कामेच्छेचा त्याच्याशी संबंध फारच थोडा होता. त्यानंतरचे काम आवेगाशी झुंजण्याचे नव्हते. तो चढतो, काही वेळ टिकतो आणि त्याला खतपाणी न घातल्यास ओसरतो, हे बसून अनुभवण्याचा सराव होता. त्याच्या जोडीला साधे उपाय होते: रात्री फोन दिवाणखान्यात ठेवणे, अपमानाच्या दिवशी घरी आल्याबरोबर तो अपमान बोलून दाखवणे.

येथे भाषेचा एक प्रश्न आला, तो मला अजूनही विचार करायला लावतो. बैठका हिंदीत होत आणि हिंदीत यांना सर्व काही सांगता येई. घरी माझ्याशी मराठीत तेच सांगायची वेळ आली की मात्र यांच्याजवळ दोनच प्रकारचे शब्द उरत, शिव्यांमधले किंवा पाठ्यपुस्तकातले. मानसशास्त्रज्ञांनी त्यांना एकेक घटना मराठीत, स्वतःच्या साध्या शब्दांत लिहून आणायला सांगितले. त्या कागदांना दीड महिना लागला. मग एका बैठकीत, मानसशास्त्रज्ञांच्या समोर, यांनी तो सगळा मजकूर मला सलग वाचून दाखवला. अशी एकदाच, पूर्ण आणि तयारीने केलेली कबुली हप्त्याहप्त्याच्या कबुलीपेक्षा कमी घातक असते, असे मला आधी सांगितले होते. कोणते तपशील ऐकायचे नाहीत हे ठरवण्याचा अधिकारही मला दिला होता. मी ठिकाणांची आणि शरीरांची वर्णने नको म्हटले. पैसे, तारखा आणि खोटे बोललेले प्रसंग मात्र सर्व हवे म्हटले. त्या दिवशी मी रडले नाही. घरी येऊन सासूबाईंसाठी भाकरी केल्या आणि मग स्वयंपाकघरातच बसून राहिले.

माझी गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. कळल्यापासून मी पहाटे दोनला उठून यांचा फोन तपासत असे, गाडीचे किलोमीटर लिहून ठेवत असे, कारखान्याची बस उशिरा आली तर शेजाऱ्यांना काहीतरी निमित्त काढून विचारत असे. बायकोने लक्ष ठेवावे असे मलाही वाटत होते आणि ज्या एका नातेवाईक स्त्रीला मी हे सांगितले होते तिचाही तोच सल्ला होता. माझा रक्तदाब वाढला, मुलीवर विनाकारण ओरडणे वाढले, आरशात मी स्वतःची तुलना कधीही न पाहिलेल्या बायकांशी करू लागले. आणि यांच्यावर त्या पहाऱ्याचा परिणाम असा झाला की आवेग आवरण्याची जबाबदारी त्यांनी नकळत माझ्यावर टाकली. मी माहेरी ग्वाल्हेरला गेले की त्यांना वाटे, आता पहारा नाही. मला स्वतंत्र समुपदेशक मिळाल्या तेव्हा हे त्यांनी दाखवून दिले. मी रुग्ण नव्हते, पण मला जखम झाली होती आणि तिच्यावरचा उपचार यांच्या बरे होण्यावर टांगून ठेवता येणार नव्हता.

पहारा सोडणे मला यांना क्षमा करण्याहूनही कठीण गेले. आम्ही असे ठरवले की मी फोन तपासणार नाही, पैशांचे सर्व संदेश माझ्याकडेही येतील, आणि पाऊल घसरले तर हे चोवीस तासांच्या आत स्वतःहून सांगतील. पाचव्या महिन्यात तसे घडले. रविवारी सकाळी पोहे वाढत असताना यांनी सांगितले, "काल रात्री पुन्हा झाले." मला संताप आला, मी ताट तसेच ठेवून गच्चीवर गेले. पण तासाभराने मला जाणवले की या वेळी मला शोधून काढावे लागले नव्हते.

शारीरिक जवळीक आम्ही सहा महिने पूर्ण थांबवली होती. पुढे आम्हाला हातावर, पाठीवर केवळ स्पर्श करण्याचे आणि तेवढ्यावरच थांबण्याचे सराव दिले गेले. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आहे. त्याविषयी यापेक्षा अधिक मी लिहिणार नाही.

ज्यांना गावात कोणाकडे जाणे शक्य नाही त्यांनी केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे.

मुदत ठेव अजून पूर्ण भरून निघालेली नाही. सासूबाईंना आम्ही काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. गुरुवारची वेळ आम्ही घरी तशीच राखली आहे, रात्री जेवणानंतर अर्धा तास, त्यात यांनी बोलायचे आणि मी तीनच प्रश्न विचारायचे. गेल्या गुरुवारी मी एकच विचारला, आणि उरलेला वेळ मुलीच्या वसतिगृहाच्या फीचा हिशेब करण्यात गेला.