खिंडीखालचा मुक्काम आणि बॅटरीवरचा हिरवा ठिपका

सपाटीवरच्या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. रस्ता चांगला आहे, गाडी पळते. लिहायचे आहे ते खिंडीखालच्या मुक्कामाबद्दल आणि बॅटरीच्या झाकणावरील त्या हिरव्या ठिपक्याबद्दल, ज्याकडे पाहून निघण्यापूर्वी गॅरेजवाल्याने ‘बॅटरी उत्तम आहे’ असा निर्वाळा दिला होता. हा ठिपका सहा सेलपैकी एकाच सेलमधील द्रावाची घनता दाखवतो. उरलेल्या पाचांपैकी एखादा सेल मेला तरी तो हिरवाच राहू शकतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर घाट चढू नये.

खुणा चढ सुरू होण्यापूर्वीच दिसत होत्या. सकाळी पहिला सेल्फ मारताना इंजिन जड, रेटल्यासारखे फिरे, पण दुपारी तापलेले इंजिन चटकन सुरू होई आणि शंका विरून जाई. नेमकी हीच तफावत थकलेल्या बॅटरीची खूण आहे. सपाटीवरचा उकाडा बॅटरीचे आयुष्य खातो आणि त्याचे परिणाम थंडीत उघडे पडतात, कारण थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो.

खिंडीखाली पहाटे चावी फिरवताच डॅशबोर्डचे दिवे विझू लागले आणि बॉनेटखालून फक्त टकटक ऐकू आली. टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी घासून काढली, क्लॅम्प आवळले, फरक शून्य. उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू करा, असे तिथे प्रत्येक जण सांगतो. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, त्यामुळे तसल्या वळणांवर हा सल्ला सरळ धुडकावावा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घेण्यासाठी जम्पर केबल लावताना आधी दोन्ही बॅटऱ्यांचे धन टर्मिनल जोडावे, मग चांगल्या बॅटरीचे ऋण टर्मिनल, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो.

खाली उतरल्यावर भेटलेला मेकॅनिक बॅटरीबरोबर अल्टरनेटरही, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भागही, बदलायलाच हवा म्हणून हटून बसला. इंजिन चालू असताना मल्टिमीटर १४.१ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे चार्जिंग ठीक होते, आणि त्याची मागणी निव्वळ लूट होती. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत त्याच बॅटरीने १२.५ व्होल्ट दाखवले होते, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीच्या १२.६ पेक्षा जेमतेम कमी. पण सेल्फ मारताच आकडा साडेआठवर कोसळला. तो साधारण ९.६ च्या खाली गेला की बॅटरी संपली असे धरावे. नुसता उभ्या गाडीचा व्होल्टेज पाहून पाठवणाऱ्याकडे लोड टेस्टचा, म्हणजे बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज पाहण्याचा, आग्रह धरा. तो कुरकुरला तर गॅरेज बदला.

जम्पर केबल मात्र जाड तांब्याचीच घ्यावी. बारीक केबल तापते आणि सेल्फ फिरवण्याइतका करंट पुढे जाऊच देत नाही.