रशिया-जपान युद्ध आणि विसरलेला कोरिया

पुण्यात स्वदेशी चळवळीचा विषय निघाला की वंगभंग येतो, ऑक्टोबर १९०५ मधील विदेशी कपड्यांची होळी येते, आणि त्याच वर्षी जपानने रशियाला हरवल्याची गोष्टही हमखास येते. आशियातील एका राष्ट्राने युरोपातील बलाढ्य साम्राज्याला धूळ चारली, या बातमीने त्या पिढीला बळ दिले, हे खरेच आहे. जपानविषयीचा तो आदर आपल्या शहरात पुढेही टिकला. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कल्पनेला जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेनेच चालना दिली होती. परंतु ते युद्ध कोणाच्या भूमीवर आणि कशासाठी लढले गेले, हे आपण क्वचितच विचारतो. तो प्रश्न टाळून सांगितलेला १९०५ चा इतिहास अर्धवट राहतो, असे माझे ठाम मत आहे.

भांडण होते ते चीनच्या ईशान्येकडील मांचुरिया आणि कोरिया यांवरून, आणि हे दोन्ही प्रदेश ना रशियाचे होते ना जपानचे. चीन-जपान युद्ध संपवणाऱ्या १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने जपानने चीनकडून मांचुरियाच्या दक्षिणेचा लियाओतुंग द्वीपकल्प मिळवला होता. रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दडपण आणून तो परत करायला लावला आणि तीनच वर्षांनी त्याच द्वीपकल्पावरील पोर्ट आर्थर हे बंदर रशियाने स्वतः भाडेपट्ट्याने घेतले. जपानला हा अपमान विसरता आला नाही. पुढे चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावाच्या निमित्ताने मांचुरियात शिरलेले रशियन सैन्य कबूल केल्याप्रमाणे मागे गेले नाही, तेव्हा दोन्ही सरकारांत वाटाघाटी सुरू झाल्या. मांचुरियात रशियाचे हितसंबंध मान्य करायचे आणि त्या बदल्यात कोरियात आपल्याला मोकळीक मिळवायची, असा जपानचा प्रयत्न होता. या देवाणघेवाणीत कोरियाला कोणी विचारले नाही.

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी नौदलाने पोर्ट आर्थरवर हल्ला केला. कोरियाने त्याआधीच तटस्थता जाहीर केली होती, तरीही जपानी सैन्य इंचॉनला उतरून सोलमध्ये शिरले. चीनही तटस्थ होता, पण जमिनीवरील मोठ्या लढाया त्याच्याच शेतांतून आणि गावांतून झाल्या. जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले, मार्चमध्ये मांचुरियातील मुकडेन शहर, आणि अर्ध्या जगाला वळसा घालून आलेले रशियाचे बाल्टिक आरमार २७ व २८ मे रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ॲडमिरल टोगो यांनी उद्ध्वस्त केले. रशियात क्रांतीचा वणवा पेटलेला होता, आणि जपानकडे पैसा व माणसे संपत आली होती. सप्टेंबरमध्ये युद्ध संपवणारा पोर्ट्समथचा तह झाला. युद्धखंडणी न मिळाल्याने टोकियोत दंगली उसळल्या.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १२ ऑगस्ट १९०५ रोजी नूतनीकरण झालेला इंग्लंड-जपान करार. त्यात इंग्लंडने कोरियातील जपानचे वर्चस्व मान्य केले आणि जपानने हिंदुस्थानच्या सरहद्दीबाबत इंग्लंडचा विशेष हक्क मान्य केला. ज्या जपानच्या विजयातून आपले लोक स्वराज्याची आशा बांधत होते, त्याच जपानने त्याच वर्षी आपल्यावरील परकीय सत्तेला हमी दिली होती, आणि त्याची किंमत कोरियाच्या स्वातंत्र्याने चुकती झाली. त्या काळच्या माणसांना मी दोष देत नाही. पारतंत्र्यात असलेल्यांनी जिथून धीर मिळेल तिथून तो घेतला. आज मात्र हा करार बाजूला ठेवून जपानच्या विजयाचे गोडवे गाणे मला पटत नाही.

नोव्हेंबर १९०५ मध्ये सोलमधील राजवाड्याभोवती जपानी सैन्य उभे असताना कोरियावर संरक्षित राज्याचा, म्हणजे परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती देण्याचा, करार लादला गेला. सम्राट कोजोंग यांनी १९०७ मध्ये हेगच्या शांतता परिषदेकडे गुप्तपणे प्रतिनिधी पाठवले. त्यांना परिषदेत प्रवेश मिळाला नाही आणि जपानने कोजोंग यांनाच गादी सोडायला लावली. १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आला. व्हिएतनामचे तरुणही याच विजयाने भारावून शिकण्यासाठी टोकियोला गेले होते. १९०७ मध्ये जपानने फ्रान्सशी करार केला, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या विद्यार्थ्यांना व त्यांचे नेते फान बोई चाऊ यांना जपान सोडावे लागले.