दोन टोपल्या आणि चहा : आमची वाटचाल

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात, ठोक कापडबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत आमचे डिमसमचे, म्हणजे चहाबरोबर खायच्या, छोट्या टोपल्यांत वाफवलेल्या पदार्थांचे, लहानसे दुकान आहे. माझ्या सासऱ्यांनी ते 2003 च्या अखेरीस घेतले. त्या वर्षी सार्स या श्वसनरोगाच्या साथीने शहर ओस पडले होते, जागांची भाडी एरवी उतरली नसती इतकी उतरली होती, आणि ज्या मोठ्या चहागृहात ते मिसरूड फुटण्याआधीपासून राबत होते तिथे माणसे कमी करण्याची भाषा सुरू झाली होती. नोकरी जाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वस्तात मिळणारा गाळा धरावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी या घरात आले ती त्यानंतर. मी मूळची सांगलीची. हिशेबनीस म्हणून नोकरीसाठी इथे आले, लग्न करून राहिले, आणि दुकानाच्या वह्या माझ्या हाती आल्या त्या आजतागायत माझ्याकडेच आहेत. त्यामुळे पुढील मजकुरात चवीपेक्षा जमाखर्च अधिक आला, तर वाचकांनी तो माझ्या पेशाचा गुण समजावा.

कॅन्टनी, म्हणजे दक्षिण चीनच्या या भागातल्या, लोकांच्या सकाळच्या चहाचे जुने माप असे, की एका माणसाने एक भांडे चहा घ्यावा आणि त्याबरोबर दोन टोपल्या मागवाव्यात. वर्तमानपत्र उघडून, परक्या माणसाशेजारी एकाच टेबलावर बसून, तास-दीड तास निवांत घालवणारी ज्येष्ठ मंडळी या भागात आजही पुष्कळ आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे, की हे माप ज्या दिवशी साध्या माणसाच्या खिशाबाहेर जाईल, त्या दिवशी आपल्या दुकानाचे काम संपले. हाँगकाँगमध्ये 1 मे 2011 रोजी किमान वेतन लागू झाले आणि ते तासाला 28 हाँगकाँग डॉलर ठरले, तेव्हा मी त्यांच्या या बोलण्याला आकड्याचे रूप दिले : तासाच्या किमान वेतनात सर्वांत कमी दराच्या दोन टोपल्या आल्याच पाहिजेत. त्या वर्षी आमची टोपली 14 डॉलरला होती. वेतन 2023 मध्ये 40 डॉलर झाले तेव्हा ती 20 ला गेली, आणि 2025 च्या मे महिन्यात 42.1 झाल्यावर आम्ही ती 21 वर नेऊन थांबवली. चहाचे पैसे माणशी वेगळे घेण्याची इथली रीत आहे आणि ती आम्हीही पाळतो. भारतातल्या नातलगांना रुपयांत सांगितले की ही किंमत स्वस्त वाटत नाही, याची मला कल्पना आहे. परंतु या शहरात ती स्वस्तच आहे.

हा नियम पाळायचा तर खर्च कुठेतरी आवरावाच लागतो. आमच्याकडे टेबलांवर कापड नाही, सजावट नाही, आणि पदार्थांची यादी एका कागदी चिठ्ठीवर मावते. गिऱ्हाईक त्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खुणा करते आणि ती स्वयंपाकघरात जाते. ढकलगाड्यांवरून टोपल्या फिरवण्याची जुनी पद्धत पाहणाऱ्याला सुखद वाटते हे खरे. पण तिला मोकळी जागा लागते, माणसे लागतात, आणि फिरून फिरून गार झालेला माल शेवटी टाकून द्यावा लागतो. त्यामुळे ती आम्ही कधीच ठेवली नाही.

जिथे आम्ही काटकसर करत नाही ती जागा म्हणजे हा गाउ, अर्थात कोळंबीचे उकडलेले डिमसम. इथल्या अनेक लहान उपाहारगृहांत ते कारखान्यातून गोठवलेले येते आणि फक्त वाफवून दिले जाते. विक्रेते आमच्याकडेही येतात, आणि त्यांनी मांडलेला हिशेब खोटा नसतो. मजुरीचा भाव धरला तर हाताने केलेली टोपली महागच पडते. ती आम्हाला परवडते, कारण पहाटे चार वाजता ओट्याशी उभ्या राहणाऱ्यांत सासूबाई, माझे यजमान आणि धाकटे दीर असतात, आणि घरच्या माणसांचे तास आम्ही बाजारभावाने मोजत नाही. हिशेबनीस म्हणून मला हे मान्य नाही. सून म्हणून मी ते चालवून घेते.

हा गाउची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. मराठी पाहुण्यांना त्या चुण्या पाहून हमखास मोदक आठवतात. मला मात्र कुरडई जवळची वाटते, कारण कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून जो चीक काढतो, तोच वाळवला की हे पीठ तयार होते. त्यात टॅपिओकाचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचे, सत्त्व मिसळतात आणि खळखळते पाणी एकदम ओततात. पाणी जरा निवलेले असेल तर पीठ शिजत नाही आणि पारी फाटते. गरम असतानाच उकड चरबी लावून मळायची, छोटी गोळी घ्यायची, आणि धार नसलेल्या रुंद सुरीचे तेल लावलेले पाते तिच्यावर दाबून गोल फिरवायचे. एका फिरकीत पातळ चकती होते. सासूबाई सारण ठेवून एकाच बाजूला दहा-बारा चुण्या पाडतात. चार-पाच मिनिटांच्या वाफेनंतर पारीतून आतली गुलाबी कोळंबी दिसली पाहिजे आणि काड्यांनी उचलताना ती तळाला चिकटून फाटता कामा नये. टोपली बांबूचीच हवी, कारण बांबू वाफ शोषतो. धातूच्या झाकणावरून पाणी ठिबकले की पारी लिबलिबीत होते. उलट बाउमध्ये, म्हणजे वाफवलेल्या मऊ पावात, भरायचे भाजलेले डुकराचे मांस आम्ही शेजारच्या भाजणीच्या दुकानातून आणतो. ते स्वतः करण्याचा हट्ट आम्हाला परवडणारा नाही, आणि शेजाऱ्यांचे आमच्यापेक्षा चांगले असते.

कोविडच्या काळात रात्री उपाहारगृहात बसून खाण्यावर बंदी आली, तेव्हा आम्ही इतरांपेक्षा कमी होरपळलो, कारण आमचा धंदा सकाळ-दुपारचा. जुलै 2020 च्या अखेरीस दिवसभरासाठीही बंदी आली. उन्हापावसात फुटपाथवर डबे उघडून बसलेले बांधकाम मजूर साऱ्या शहराने पाहिले आणि दोनच दिवसांत तो आदेश मागे घेतला गेला. आम्हाला खरा फटका बसला तो एका टेबलावर दोनच माणसे बसवण्याच्या नियमाचा. रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र येणे हाच या चहाचा प्राण आहे, आणि तोच त्या नियमाने गेला.

आजची अडचण निराळी आहे. 2023 च्या सुरुवातीला चीनच्या मुख्य भूमीची सीमा पुन्हा खुली झाल्यापासून हाँगकाँगचे लोक सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या शेन्झेन शहरात जेवायला जातात. इथल्या पश्चिम काउलून स्थानकाहून शेन्झेनमधल्या फुतियनला अतिवेगवान रेल्वेने पंधरा मिनिटेही लागत नाहीत, आणि तिकडे भाडे आणि मजुरी दोन्ही कमी. त्यांच्याशी भावात बरोबरी करणे आम्हाला शक्य नाही. आमचा रविवार त्यामुळे पातळ झाला. कामाच्या दिवसांतली सकाळ मात्र टिकून आहे, कारण दोन टोपल्यांसाठी कोणी सीमा ओलांडत नाही.

गाळ्याच्या कराराचे नूतनीकरण नुकतेच झाले आणि भाडे वाढले. दिरांचे मत होते की टोपली 24 डॉलर करावी. सासऱ्यांनी नकार दिला, आणि दोघांनी निर्णय माझ्या वहीवर सोपवला. मी कमी दराची टोपली 21 वरच ठेवली, आणि वाढीव भाडे कमळाच्या पानातला चिकट भात व कोळंबीचा चेउंग फन (तांदळाच्या पिठाच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी) या जास्त दराच्या पदार्थांवर घातले, जे एकटी म्हातारी माणसे सहसा मागवत नाहीत. नवीन चिठ्ठ्या छापून आल्या आहेत. जुन्या संपल्या की त्या टेबलांवर ठेवू.