रंगाचे तीन हात देऊनही भिंतींतून वर येत राहिलेला सिगारेटचा डाग

आम्ही राहायला आलो, त्या घरात आधीच्या माणसांनी अनेक वर्षे दारे-खिडक्या लावून सिगारेट ओढलेली होती. वास आम्हाला पहिल्याच दिवशी जाणवला होता, पण "रंग दिला की जाईल" असे रंगाऱ्याने ठामपणे सांगितले आणि आम्ही त्याच्या शब्दावर विसंबलो. पुढचे दोन महिने त्यात गेले.

भिंती पॉलिश पेपरने घासून झाल्या, नेहमीचा पाण्याचा प्रायमर लागला आणि वर पांढऱ्या इमल्शनचे दोन हात बसले. आठवडाभर खोल्या स्वच्छ दिसत होत्या. मग हवा दमट झाली आणि सकाळी न्हाणीघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर बारीक तपकिरी थेंब उमटलेले दिसले. बोटाने पुसल्यावर ते चिकट लागले आणि बोटाला विझलेल्या सिगारेटचा वास आला. बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी एखादी तसबीर असावी, तिथे नव्या रंगातून चौकोन स्पष्ट वर आला होता: आत पांढरा, बाहेर पिवळट.

रंगाऱ्याला बोलावले, तेव्हा त्याने आणखी एक हात दिला. दहा दिवसांत चौकोन परत दिसू लागला. दुसऱ्यांदा तो आला, भिंतीला तळहात लावून पाहिला आणि भिंतीत ओल असल्याचे सांगून मोकळा झाला. मला खरा संताप आला तो इथे. ओल असती तर रंगाला फुगे आले असते, पापुद्रे सुटले असते, क्षाराची पांढरी भुकटी दिसली असती. यातले काहीच नव्हते, आणि डाग सर्वांत गडद होता तो छताला, कारण धूर वरच जाऊन साठतो. तरीही दुरुस्तीच्या गोष्टी सुरू झाल्या आणि त्या वादात आणखी तीन आठवडे गेले.

खरे कारण समजून घेतल्यावर सगळा उलगडा झाला. धुरातले निकोटीन आणि डांबरासारखा चिकट अंश भिंतीवर थरावर थर बसतो. त्यातला बराचसा भाग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पाण्यातले इमल्शन लावले की तो त्यात ओला होऊन मिसळतो आणि रंग वाळताना त्याच्यासोबत पृष्ठभागावर येतो. म्हणजे आम्ही देत असलेला प्रत्येक हात डागाला वर यायला मदतच करत होता. घरात रांगते मूल असल्यामुळे मला आणखी एका गोष्टीने हादरवले: पृष्ठभागावर साठलेल्या निकोटीनची घरातल्या हवेतील नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले आहे. तेव्हा नुसता वास झाकून भागणार नव्हते.

आम्ही सगळे काम पुन्हा केले, या वेळी स्वतः. रबरी हातमोजे घालून, तेलकटपणा काढणाऱ्या साबणाच्या पाण्याने आधी छत आणि मग भिंती धुतल्या. भिंत खालून वर धुवावी, कारण कोरड्या भिंतीवर मळके पाणी ओघळले तर त्याचे पट्टे नंतर निघत नाहीत. पाणी तपकिरी झाले की बदलावे आणि शेवटी साध्या पाण्याने भिंत पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. भिंतीला डिस्टेंपर किंवा चुना असेल तर मात्र धुण्याच्या फंदात पडू नये; तो खरवडूनच काढावा लागतो.

यानंतर लाखेचा, म्हणजे चपड्यापासून केलेला, डाग अडवणारा प्रायमर लावला. तेलाचा डागरोधक प्रायमरही चालतो, पण वास कोंडण्यात लाखेचा अधिक सरस आहे आणि तो तासाभरात वाळतो. त्यात स्पिरिट असल्यामुळे शेगडी, दिवा, ठिणगी काहीही जवळ नको, खिडक्या सताड उघड्या हव्यात आणि लहान मुलांनी त्या दिवशी घरात राहू नये. ब्रशही स्पिरिटनेच धुवावा. त्यावर त्याच इमल्शनचे दोन हात दिले आणि आज अनेक दमट दिवस जाऊनही तो चौकोन दिसलेला नाही. भिंत पांढरीशुभ्र राहिलेली पाहून मला मनापासून अभिमान वाटतो.

सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आता आठवले: रंगाऱ्याशी बोलण्याआधी ओले पांढरे फडके छताजवळ एकदा फिरवून पाहावे. ते पिवळे झाले तर पाण्याचा प्रायमर ऐकूनच घेऊ नये.

शिवाय भिंती झाल्यावरही थोडा वास रेंगाळत होता. तो पंख्याच्या पात्यांवर, दारांच्या वरच्या कडांवर आणि कपाटांच्या आतल्या फळ्यांवर सापडला. एसीची जाळी आम्ही सर्वांत शेवटी काढून धुतली, आणि बादलीतले पाणी पुन्हा एकदा तसेच तपकिरी झाले.